तीन दिवसांसाठी सोडलेलं शहर: प्रिप्यातबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आपण युक्रेनमधल्या चेर्नोबिल अणुप्रकल्पाशेजारच्या, १९८६ च्या अपघातानंतर रिकाम्या झालेल्या प्रिप्यात शहराचे फोटो छापले होते, सोबत चार ओळींची माहिती होती. त्यावर इतके मेल आणि पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. करोनाच्या आधी मी तिथे एका दिवसाच्या टूरवर जाऊन आलेय आणि त्याच्या आधीपासून या विषयावर जे मिळेल ते वाचत असते, म्हणून उत्तरं मीच देतेय. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: ताई, मी सेकंड इयरला आहे. मला आणि माझ्या मित्रांना अशा सोडून दिलेल्या जागा फिरायचं भयंकर वेड आहे. प्रिप्यातला जायची परमिशन कशी काढायची? लोक चोरून पण आत जातात असं ऐकलंय, ते खरं का? (नाशिक)

उत्तर: आत्ता नाही जाता येणार रे. फेब्रुवारी २०२२ ला रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं तेव्हापासून तो सगळा भाग पर्यटकांसाठी बंद आहे. त्याआधी पद्धत अशी होती की कीव्हमधल्या परवानाधारक टूरवाल्याकडे आधी नाव आणि पासपोर्ट नंबर द्यायचा, वय अठराच्या वर पाहिजे, मग सकाळी कीव्हहून बस निघायची आणि दोन-अडीच तासांनी दित्यात्कीच्या चेकपोस्टवर थांबायची, तिथे एकेकाचा पासपोर्ट यादीशी ताडून बघायचे. तिथून पुढे ३० किलोमीटरचा निषिद्ध पट्टा चालू, आणि आणखी आत १० किलोमीटरच्या हद्दीवर दुसरं चेकपोस्ट. फुल बाह्या, फुल पँट, बंद बूट. उघड्यावर काही खायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही, बॅग खाली ठेवायची नाही. परत येताना फ्रेमसारख्या मशीनमध्ये उभं राहून दोन्ही हात लावायचे, हिरवा दिवा लागला की बाहेर. इमारतींमध्ये शिरायला नियमाने बंदी होती कारण मजले आणि जिने सडलेत, रेडिएशनपेक्षा पाय मोडायची भीती तिथे जास्त.

चोरून जाणारे होते, हो. रात्री रात्री जंगलातून चालत जायचे, पडक्या फ्लॅटमध्ये झोपायचे. त्यांचे व्हिडिओ तू बघितले असशील आणि ते बघून अंगात येतं हे मला समजतं, पण युद्धानंतर त्या जंगलात सुरुंग पेरलेले आहेत, तेव्हा तो विचार डोक्यातून काढून टाक. युद्ध संपेल, वाट मोकळी होईल, तेव्हा रीतसर जा. तोपर्यंत खालची उत्तरं वाच म्हणजे जाशील तेव्हा नुसतं फोटो काढून परत येणार नाहीस.

प्रश्न: चेर्नोबिल आणि प्रिप्यात एकच का? (अकोला)

उत्तर: नाही. चेर्नोबिल हे फार जुनं, शेकडो वर्षांपूर्वीचं गाव, अणुप्रकल्पापासून साधारण १५ किलोमीटरवर, अपघाताच्या वेळी तिथे चौदा हजाराच्या आसपास वस्ती होती. प्रकल्पाला नाव त्याचं मिळालं. प्रिप्यात म्हणजे १९७० साली खास प्रकल्पाच्या कामगारांसाठी उभं केलेलं कोरं करकरीत शहर, प्रकल्पापासून जेमतेम तीन किलोमीटर, अपघाताच्या वेळी जवळजवळ पन्नास हजार लोक आणि त्यात तरुण जोडपी आणि लहान पोरंच जास्त. फोटोतला जत्रेत असतो तसा मोठा गोल पाळणा, पोहण्याचा तलाव, ते सगळं प्रिप्यातचं.

प्रश्न: टीव्हीवर बघितलं की प्रिप्यातच्या लोकांना दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी काही सांगितलंच नाही. हे कसं शक्य आहे? एवढा स्फोट झाला, आग दिसली असेल, आणि पन्नास हजार माणसं गप्प कशी राहिली? (निवृत्त शिक्षिका, सातारा)

उत्तर: बाई, आलेल्या सगळ्या पत्रांमध्ये मला हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटला. तिथे जाणाऱ्या प्रत्येकाने हा एकच प्रश्न मनात घेऊन जावं, बाकी सगळं त्याच्या मागे येतं.

२६ एप्रिल १९८६, शनिवार, पहाटे १ वाजून २३ मिनिटं. चार नंबरच्या रिअ‍ॅक्टरवर एक टेस्ट चालू होती, ती हाताबाहेर गेली, स्फोट होऊन वरचं छप्पर उडालं आणि आतलं ग्राफाइट पेटलं. आग विझवायला जे जवान गेले त्यांच्याकडे रेडिएशनपासून वाचवणारं काहीही नव्हतं, ते नेहमीच्या आगीला जातात तसे गेले आणि काही तासांत उलट्या करत प्रिप्यातच्याच हॉस्पिटलमध्ये आले. म्हणजे शहरातल्या डॉक्टर-नर्सना पहाटेच कळलं होतं की काहीतरी फार वाईट घडलंय. पण सकाळ झाली आणि शहर रोजच्यासारखं चालू झालं. तेव्हा तिकडे शनिवारी शाळा असायची, पोरं शाळेत गेली. दुकानं उघडली, छान ऊन पडलं होतं म्हणून लोक बाहेर पडले, त्या दिवशी लग्नंसुद्धा लागली. रस्ते पाण्याने धुणाऱ्या गाड्या फिरत होत्या, कुठे कुठे तोंडाला मास्क लावलेले पोलीस दिसत होते, बाहेरगावचे फोन लागत नव्हते. लोकांना शंका आलीच होती, प्रकल्पातच काम करणारी माणसं ती, कुजबुज चालू होतीच. पण अधिकृतपणे एक शब्द नाही.

युक्रेन तेव्हा सोव्हिएत संघात होता, मॉस्कोहून सरकारी समिती संध्याकाळी पोचली. शहरातलं रेडिएशन वाढत चाललंय हे मोजणीत दिसत होतं, रात्री शहर रिकामं करायचं ठरलं, कीव्ह आणि आसपासहून अकराशेच्या वर बस मागवल्या, आणि त्या बस रात्रीपासून शहराबाहेर उभ्या होत्या. २७ तारखेला दुपारी एकच्या सुमाराला रेडिओवर घोषणा झाली की शहर तात्पुरतं रिकामं करतोय, कागदपत्रं, गरजेच्या वस्तू आणि थोडं खायला बरोबर घ्या. दोन वाजता बस दारात आल्या, आणि तीन-एक तासांत शहर रिकामं. तीन दिवसांत परत याल असं लोकांना सांगितलं गेलं. आता तुम्हीच विचार करा, तीन दिवसांसाठी निघणारा माणूस काय घेईल बरोबर? लग्नाचे फोटो घेईल का, आईची पत्रं घेईल का, पोराचं पहिलं झबलं घेईल का? कुत्री-मांजरी बरोबर नेऊ दिली नाहीत, नंतर त्यांना गोळ्या घालायला माणसं पाठवली. स्फोटापासून पहिली बस सुटेपर्यंत छत्तीस तास गेले, आणि त्या छत्तीस तासांत पोरं अंगणात मातीत खेळत होती.

आणि हे शहरापुरतं नव्हतं. २८ ला सकाळी स्वीडनमधल्या फोर्समार्क प्रकल्पात एका कर्मचाऱ्याच्या बुटांवर किरणोत्सर्ग सापडला, त्यांना आधी वाटलं आपल्याकडेच गळती झालीय, मग वाऱ्याची दिशा बघून कळलं की हे सोव्हिएत संघाकडून येतंय. त्यांनी विचारणा केली त्यानंतर त्या रात्री सोव्हिएत टीव्हीच्या नऊच्या बातम्यांमध्ये मोजक्या वाक्यांची घोषणा झाली. १ मे ला कीव्हमध्ये लहान मुलांसकट नेहमीसारखी मिरवणूक निघाली. सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह टीव्हीवर बोलले ते १४ मे ला.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू, दुधाचा. रेडिओअ‍ॅक्टिव्ह आयोडीन गवतावर पडलं, गाईंनी ते खाल्लं, दुधातून ते पोरांच्या गळ्यातल्या थायरॉइडमध्ये गेलं. या आयोडीनचं आयुष्य छोटं असतं, दर आठ दिवसांनी निम्मं होतं. म्हणजे काही आठवडे गावचं दूध पोरांना देऊ नका, एवढं एक वाक्य खेड्याखेड्यांत वेळेवर पोचलं असतं तरी खूप पोरं वाचली असती. २००५ पर्यंत त्या भागात, अपघाताच्या वेळी लहान असलेल्यांमध्ये थायरॉइड कॅन्सरच्या सहा हजारांवर केसेस नोंदल्या गेल्या आणि त्यातल्या मोठ्या भागाचं कारण हे दूध होतं. उपचारांनी बहुतेक जण वाचले ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

प्रश्न: फोटोत खाटेवर बाहुली, बाकावर उघडं पुस्तक, जमिनीवर गॅस मास्कचा ढीग दिसतो. लोक गेले तेव्हापासून सगळं तसंच आहे का? बघून अंगावर काटा आला. (पिंपरी)

उत्तर: नाही, तसंच अजिबात नाहीये. आपणही फोटोंखाली हे स्पष्ट केलं नव्हतं, ते करायला हवं होतं.

एकेक बघू. बाहुल्या आणि उघडी पुस्तकं ही बऱ्याच ठिकाणी फोटोग्राफर लोकांनीच मांडून ठेवलेली आहेत. बालवाडीतल्या खाटेवर खिडकीच्या उजेडात बरोबर मधोमध बाहुली, तिच्या तोंडावर मास्क, असं कुणी चाळीस वर्षांपूर्वी पळताना ठेवून जाईल का? शाळेतल्या मास्कचा ढीग खरा, पण ते मास्क त्या दिवशी कुणी घातलेले नव्हते. शीतयुद्धाच्या काळात तिकडच्या प्रत्येक शाळेत नागरी संरक्षणाच्या कवायतीसाठी मास्कचा साठा असायचा, तो नंतर कुणीतरी खोक्यांतून बाहेर काढून फेकलाय. पोहण्याचा तलाव, तो तर १९९८ पर्यंत वापरात होता! साफसफाईला आलेले कामगार तिथे पोहायचे. म्हणजे फोटोतल्या ज्या फुटक्या फरश्या बघून आपण १९८६ म्हणतो ती पडझड त्याच्या कितीतरी नंतरची आहे. मोठा पिवळा पाळणा १ मे च्या उद्घाटनासाठी तयार होता, ते मात्र खरं. आणि रेल्वेच्या पुलावर आग बघायला उभे राहिलेले सगळेच्या सगळे मेले ही गोष्ट गाइड सांगतात, तिला पुरावा मिळालेला नाही, ती छापू नका आणि पुढे पाठवू नका.

घरं रिकामी का दिसतात तर त्याला वेगवेगळी कारणं आहेत. काही महिन्यांनी रहिवाशांना थोड्या वेळासाठी परत येऊन तपासून घेतलेलं सामान नेऊ दिलं. उरलेलं सामान, टीव्ही, फ्रीज, सोफे, सफाईवाल्यांनी काढून पुरून टाकलं. त्यानंतर वर्षानुवर्षं चोरी झाली, खिडक्यांच्या चौकटी, पाइप, गरम पाण्याचे रेडिएटर, भंगारात विकलं जाईल ते सगळं गेलं, त्यातलं किरणोत्सर्गी भंगार कुठे कुठे पोचलं कुणास ठाऊक. मग आले आमच्यासारखे पर्यटक.

मी हे सगळं इतकं सांगतेय कारण मला वाटतं त्या मांडलेल्या बाहुलीने खऱ्या गोष्टी झाकल्या जातात. मी गेले होते तेव्हा ग्रुपमधले सगळे पाळण्यासमोर फोटो काढत होते आणि मी तिथल्याच एका इमारतीच्या तळमजल्यावर पत्र्याच्या टपालपेट्यांची रांग बघत उभी होते, फ्लॅट नंबर टाकलेल्या. त्या इमारतीत किती घरं होती ते त्यावरून कळत होतं. संस्कृती भवनाच्या मागच्या खोलीत नेत्यांची मोठी चित्रं भिंतीला टेकवून ठेवलेली, १ मे च्या मिरवणुकीत न्यायची म्हणून. अशा गोष्टी कुणी मांडलेल्या नाहीत. बघायला गेलात तर त्या शोधा, दुकानांच्या पाट्या बघा, जिन्यातले नंबर बघा, रस्त्यांची नावं बघा.

प्रश्न: रेडिएशनचं काय? एक दिवस जाऊन आलं तरी कॅन्सर होतो असं माझे मिस्टर म्हणतात. (कोल्हापूर)

उत्तर: नाही हो, एक दिवसाच्या टूरने तसं होत नाही. ठरलेल्या वाटेने फिरलं तर दिवसभरात जितका डोस मिळायचा तितका विमानाच्या थोड्या तासांच्या प्रवासात मिळतो, उंचावर अवकाशातून येणारे किरण जास्त असतात म्हणून. मुंबईहून युरोपात जातानाच तुम्हाला त्याहून जास्त मिळालेला असतो. आपल्याच केरळच्या कोल्लमजवळच्या किनाऱ्यावर मोनाझाइट या किरणोत्सर्गी खनिजाच्या वाळूमुळे नैसर्गिक रेडिएशन जगातल्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त आहे आणि पिढ्यानपिढ्या लोक तिथे राहतायत.

पण म्हणून प्रिप्यात सुरक्षित आहे असा अर्थ काढू नका, कारण तिथे रेडिएशन सगळीकडे सारखं पसरलेलं नाही, ते ठिपक्याठिपक्यांनी आहे. डांबरी रस्त्यावर गाइडच्या हातातलं मीटर शांत असतं आणि दोन पावलं बाजूला शेवाळावर धरलं की कर्कश ओरडायला लागतं, कारण शेवाळ सीझियम हे किरणोत्सर्गी द्रव्य धरून ठेवतं. हॉस्पिटलच्या तळघरात त्या रात्रीच्या अग्निशमन जवानांचे कपडे आणि बूट टाकले होते, ती खोली आजही धोकादायक. प्रकल्पाजवळचं पाइनचं जंगल तेव्हा लाल-तपकिरी होऊन मेलं, ती झाडं तिथेच पुरली, त्या भागात बस काच लावून न थांबता निघून जायची.

आयोडीन केव्हाच संपलं. सीझियम-१३७ ला निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात, स्ट्रॉन्शियम-९० ला जवळपास तेवढीच, म्हणजे ही दोन्ही आता निम्म्याच्या खाली आलीत. प्लुटोनियम-२३९ ला चोवीस हजार वर्षं लागतात. बाहेरून अंगावर पडणाऱ्या किरणांपेक्षा खरी भीती धुळीची, ती श्वासातून नाहीतर जेवणातून पोटात गेली तर आत बसून राहते. खाऊ नका, बसू नका हे नियम त्यासाठी आहेत. आणि तिथे राहायचं म्हटलं की हिशोब पूर्ण बदलतो, एक दिवस आणि तीस वर्षं यात फरक आहेच ना.

प्रश्न: आठवण म्हणून एखादा दगड किंवा जुनी पाटी आणली तर चालेल का? (ठाणे)

उत्तर: नाही. बाहेर पडताना मशीनमध्ये सापडाल, आणि नाही सापडलात तरी ती वस्तू कुणाच्या तरी घरातली आहे.

प्रश्न: एकूण किती माणसं गेली? कुणी ३१ म्हणतं, कुणी लाखांत सांगतं. (जळगाव)

उत्तर: दोघं जण स्फोटाच्या रात्री, त्यातल्या एकाचा मृतदेह अजून चार नंबरच्या ढिगाऱ्यातच आहे. पुढच्या काही महिन्यांत किरणोत्सर्गाच्या तीव्र आजाराने २८ जण, अग्निशमन जवान आणि प्रकल्पातले कामगार. ३१ चा आकडा या सुरुवातीच्या मृत्यूंचा, त्यात एकाचं कारण वेगळं धरतात. नंतरच्या कॅन्सरचं तसं मोजता येत नाही, कारण कुठला कॅन्सर चेर्नोबिलचा हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं, अंदाजच करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेसकट काही संस्थांनी मिळून २००५ मध्ये सगळ्यात जास्त रेडिएशन लागलेल्या लोकांमध्ये शेवटी चार हजारांपर्यंत मृत्यू होऊ शकतील असा अंदाज दिला, तो कमी आहे म्हणणारे अभ्यासकही आहेत. पण माझं म्हणणं, आकड्यांच्या भांडणात घर सुटलेली माणसं हिशोबातून निसटतात. १९८६ मध्येच १,१६,००० लोक हलवले, नंतरच्या वर्षांत आणखी दोन लाखांच्या वर. साफसफाईच्या कामाला सहा लाखांच्या आसपास माणसं लावली गेली, त्यात कितीतरी सैन्याच्या राखीव दलातून बोलावलेली माणसं होती, फावडी घेऊन छपरावरचं ग्राफाइट खाली ढकलायला पाठवलेली.

प्रश्न: तिथे आता कुणीच राहत नाही का? माझं माहेर धरणात गेलंय म्हणून विचारते. (कराड)

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचून गलबलून आलं. प्रिप्यातमध्ये कुणीच राहत नाही. पण आसपासच्या खेड्यांतले हजाराच्या वर लोक एक-दोन वर्षांत स्वतःहून परत आले, पहारे चुकवून, जंगलातून चालत. त्यात म्हाताऱ्या बायका जास्त. सरकारने आधी हाकलायचा प्रयत्न केला, मग सोडून दिलं. चुलीवर स्वयंपाक, परसात बटाटे, कोंबड्या, विहिरीचं पाणी. युद्धाच्या आधीपर्यंत त्यातले शे-दीडशे उरले होते, सगळे फार वयस्कर. या बायकांना कुणी रेडिएशनचं विचारलं की त्या सांगायच्या की आम्ही लहानपणी दुष्काळ बघितलाय, मग महायुद्ध बघितलंय, दिसत नाही त्याला काय घाबरायचं. त्यांचं शास्त्र बरोबर होतं असं मी म्हणणार नाही, पण परक्या शहरातल्या नवव्या मजल्यावर बसून मरण्यापेक्षा आपल्या अंगणात राहीन हे म्हणणं मला तरी पूर्ण समजतं.

प्रकल्पाच्या कामगारांसाठी स्लावुतिच नावाचं नवीन शहर बांधलं. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं की अपघातानंतर बाकीचे रिअ‍ॅक्टर चालूच राहिले, शेवटचा डिसेंबर २००० मध्ये बंद झाला, इतकी वर्षं माणसं रोज रेल्वेने स्लावुतिचहून तिथे कामाला यायची.

आणि तुमच्यासाठी मुद्दाम लिहिते. ईस्टरनंतर त्यांच्याकडे पितरांच्या कबरींवर जायचे दिवस असतात. युद्धाच्या आधी त्या दिवसांत जुन्या रहिवाशांना गावाच्या कबरस्तानात जाऊ द्यायचे. मुलं-नातवंडं घेऊन लोक यायचे, कबर झाडायची, फुलं ठेवायची, तिथेच बसून घरून आणलेलं जेवायचं. तुमच्याकडे उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनी देवळं वर येतात आणि लोक दर्शनाला जातात ना, तसंच.

प्रश्न: तिथे प्राणी खूप वाढलेत म्हणे. म्हणजे रेडिएशनने काही होत नाही असंच ना? (पुणे)

उत्तर: असं नाही. लांडगे, एल्क, रानडुकरं, लिंक्स, बीव्हर सगळे आहेत, १९९८-९९ मध्ये आणून सोडलेले प्रझेवाल्स्की जातीचे रानटी घोडेही वाढलेत. पण ते वाढले कारण शेती, शिकार, गाड्या सगळं थांबलं. प्राण्यांची संख्या वाढणं वेगळं आणि एकेका प्राण्याची तब्येत वेगळी, पक्ष्यांवर परिणाम झाल्याचं दाखवणारे अभ्यास आहेत आणि त्यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद चालूच आहेत. माणूस नसला की जंगल परत येतं एवढंच यातून नक्की कळतं.

प्रश्न: माझा मुलगा युक्रेनमध्ये एमबीबीएसला होता, मार्च २०२२ ला कसाबसा घरी आला. तेव्हा चेर्नोबिलवर रशियाने ताबा घेतल्याची बातमी होती, आम्ही फार घाबरलो होतो. आता तिथे काय परिस्थिती आहे? (लातूर)

उत्तर: मुलगा सुखरूप आला हे वाचून बरं वाटलं, मराठवाड्यातली किती घरं त्या दिवसांत झोपली नव्हती. रशियन सैन्य २४ फेब्रुवारी २०२२ ला, पहिल्याच दिवशी तिथे घुसलं आणि मार्चअखेर निघून गेलं. प्रकल्पातली शिफ्ट तीन-साडेतीन आठवडे बदलूच दिली नाही, एका रात्रीच्या ड्युटीला आलेली माणसं आठवड्यांवर आठवडे तिथेच अडकून काम करत राहिली, त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं. सैनिकांनी त्या लाल जंगलाच्या भागात खंदक खणले. अवजड गाड्यांनी धूळ उडाली तेव्हा मीटरवर रेडिएशन वाढलेलं दिसलं, पण ते त्या परिसरापुरतं.

चार नंबरवर १९८६ मध्येच घाईने काँक्रीटचं आवरण घातलं होतं, त्याच्यावर २०१६ मध्ये एक प्रचंड स्टीलची कमान रुळांवरून सरकवत आणून बसवली. १०८ मीटर उंच, शंभर वर्षं टिकावी असं डिझाइन. १४ फेब्रुवारी २०२५ ला त्या कमानीवर ड्रोन आदळला आणि भोक पडलं, आग आतल्या थरात धुमसत राहिली. रेडिएशन बाहेर वाढलं नाही, पण कमानीचं नुकसान मोठं आहे. अनेक देशांनी मिळून इतक्या कष्टाने उभं केलेलं ते काम, आणि एका ड्रोनने ही अवस्था, हे वाचलं तेव्हा खरंच रडू आलं.

प्रश्न: आमच्या जवळ जैतापूरचा प्रकल्प येणार म्हणतात. तारापूर तर आहेच. आपल्याकडे प्रिप्यात होऊ शकतं का? खरं उत्तर द्या. (राजापूर तालुका)

उत्तर: खरं उत्तर देते. हुबेहूब तसं होणं अवघड आहे. चेर्नोबिलचा आरबीएमके जातीचा रिअ‍ॅक्टर, त्याच्या डिझाइनमध्येच दोष होता. पाण्याची वाफ झाली की त्याची ताकद कमी व्हायच्या ऐवजी वाढायची, आणि तो बंद करण्यासाठी आत सोडायच्या दांड्यांची टोकं ग्राफाइटची होती, त्यामुळे आणीबाणीचं बटण दाबल्यावर पहिले काही क्षण ताकद उलट आणखी वाढली. वरून जाड बंदिस्त कवच नव्हतं. हे दोष वरच्यांना माहीत होते, कंट्रोल रूममधल्या माणसांना सांगितलेले नव्हते. तारापूरचे रिअ‍ॅक्टर त्या जातीचे नाहीत, जैतापूरला जे फ्रेंच ईपीआर आणायचं चाललंय तेही नाहीत.

पण जपानमधल्या, २०११ मध्ये अपघात झालेल्या फुकुशिमाचेही त्या जातीचे नव्हते, आणि तारापूरचे १९६९ चे पहिले दोन रिअ‍ॅक्टर हे फुकुशिमासारखेच उकळत्या पाण्याचे. म्हणून मी म्हणेन की मशीन कुठलं हे विचारा, पण त्याच्याइतकंच हेही विचारा की काही झालं तर आम्हाला किती मिनिटांत कळेल, कोण सांगेल, मराठीत सांगेल का, खाडीपलीकडच्या वाडीत रेंज नसते तिथे कसं कळेल, पावसात घाट बंद असेल तर बस कुठून येतील, अंथरुणाला खिळलेल्या आजीला कोण उचलेल. आपल्याकडे प्रकल्पाभोवती १६ किलोमीटरपर्यंत आणीबाणीचं नियोजन करावं लागतं आणि जिल्हा प्रशासनाला तालीम घ्यावी लागते. ग्रामसभेत हे मागायचा तुम्हाला हक्क आहे. प्रकल्पाच्या बाजूने असा नाहीतर विरोधात असा, हे प्रश्न दोघांचेही आहेत. तारापूरच्या विस्तारात अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, काहीही अपघात न होता, त्यांच्याकडे जाऊन एकदा बोला.

प्रश्न: मी टोकियोत आयटीत आहे. प्रिप्यात बंद आहे तर फुकुशिमा बघता येईल का? जाणं योग्य आहे का? (मूळ गाव सांगली)

उत्तर: हो, आणि माझ्या मते जरूर जा. पण प्रिप्यात समजून जाऊ नका, ती गावं परत उभी राहतायत.

११ मार्च २०११ ला भूकंप, मग त्सुनामी, मग प्रकल्पाची वीज गेली, थंड करणारे पंप बंद पडले आणि तीन रिअ‍ॅक्टर वितळले. फुताबा, ओकुमा, नामिए, तोमिओका ही गावं रिकामी झाली. टोकियोहून जाणारी जोबान रेल्वे मार्च २०२० पासून परत पूर्ण सुरू आहे. फुताबामध्ये लोकांना राहायला परवानगी मिळाली ती थेट ऑगस्ट २०२२ मध्ये, तीही गावाच्या एका भागात. आधी तिथे सात हजारांच्या आसपास माणसं होती, परत आलेले फार थोडे. गावाच्या रस्त्यावर एक मोठी कमान होती, अणुऊर्जा म्हणजे उज्ज्वल भविष्याची ऊर्जा अशा अर्थाची, ती घोषणा गावातल्याच एका शाळकरी मुलाने लिहिलेली, आणि अपघातानंतर ती कमान काढायचं ठरलं तेव्हा मोठा झालेला तोच माणूस म्हणाला की काढू नका, लोकांना बघू द्या. तरी काढली.

फुताबाचं स्मारक संग्रहालय बघा, आणि नामिएमधली उकेदो प्राथमिक शाळा, समुद्रापासून अगदी जवळ, त्सुनामीने उद्ध्वस्त झालेली, तशीच जपून ठेवलीय. त्या दिवशी शाळेत असलेली सगळी मुलं शिक्षकांबरोबर टेकडीकडे पळाली आणि सगळी वाचली. आणि याच्या अगदी उलट, प्रकल्पाजवळच्या एका हॉस्पिटलमधल्या म्हाताऱ्या रुग्णांना घाईघाईत, पुरेशा डॉक्टर-नर्सशिवाय तासन्‌तास बसमधून हलवलं, त्यात आणि त्यानंतर चाळीसच्या वर माणसं दगावली. फुकुशिमा प्रांतात स्थलांतर, ताण, उपचार तुटणं यामुळे गेलेल्यांची अधिकृत संख्या २,३०० च्या वर आहे. उशिरा हलवलं की काय होतं ते प्रिप्यातने दाखवलं, तयारी नसताना हलवलं की काय होतं ते इथे दिसतं.

रस्त्याकडेला मीटरचे खांब आहेत, त्यावर आकडे दिसतात. बॅरिकेड असेल तिथे आत जायचं नाही, लोकांच्या बंद घरांच्या खिडक्यांतून फोटो काढायचे नाहीत, मालक अधूनमधून येतात. स्थानिक गाइड घेतलात तर उत्तम, त्यातले काही जण स्वतः विस्थापित झालेले असतात आणि विचारलं तर मोकळेपणाने बोलतात. दुपारी नामिएच्या रस्त्याकडेच्या बाजारात जेवा, उकेदोच्या बंदरातली मासळी तिथे परत मिळायला लागलीय. तपासून विकतात, बिनधास्त खा, तुमचे चार पैसे त्या गावात खर्च झाले तर त्यांना त्याचा उपयोग आहे.